दोरी नसलेली बाटली

चष्मेबाईंना राग येतो, असं म्हणणं तितकंसं बरोबर नाही. येण्यासाठी आधी जावं लागतं. बाईंचा राग तेवीस वर्षांत एकदाही कुठं गेलेला नव्हता. तो सकाळी त्यांच्याबरोबर शाळेत यायचा आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबरच घरी परतायचा.

बाई रसायनशास्त्र शिकवायच्या. चष्मेबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं, पण ते त्यांच्या स्वतःच्या चष्म्यावरून नव्हे. प्रयोगशाळेच्या दाराशी एका फळीवर चोवीस खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला एकेक जाड, कडेनं बंद असलेला प्लास्टिकचा चष्मा. तो डोळ्यांवर चढल्याशिवाय कुणी उंबरठा ओलांडायचा नाही. कुणी म्हणजे कुणीच नाही. नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरलाही बाईंनी दारातच अडवलं होतं.

"अहो बाई, नुसता वॉशर बदलायचाय," तो म्हणाला.

"वॉशर बदलता येतो. डोळे बदलून मिळत नाहीत. लावा."

त्यानं मुकाट्यानं लावला. मग त्याच तडाख्यात बाईंनी त्याच्याकडून कोपऱ्यातल्या नळाला वर तोंड केलेल्या दोन तोट्या बसवून घेतल्या, डोळ्यांत काही उडालं तर धुवायला. बिचारा सुटला तेव्हा पाना आणि टोपी दोन्ही तिथंच विसरून गेला.

त्या वर्षी मात्र बाईंच्या रागाला खरंच कारण होतं. वरच्या कार्यालयानं ठरवलं होतं की शाळाशाळांतल्या प्रयोगशाळा हळूहळू बंद करायच्या आणि तिथं मोठे पडदे लावायचे. मुलं पडद्यावर प्रयोग बघतील. काच फुटणार नाही, वास येणार नाही, कुणाला भाजणार नाही. पलीकडच्या दोन शाळांतली टेबलं निघालीसुद्धा.

"मग पोहायलाही पडद्यावरच शिकवा," बाई मुख्याध्यापकांना म्हणाल्या. "कुणी बुडणार नाही."

मुख्याध्यापकांना मुलं इस्त्री म्हणत. त्यांच्या शर्टाला सुरकुती नसायची, बोलण्यालाही नसायची. ते म्हणाले, "बाई, चिडून काय होणार? गुरुवारी तपासणीला अधिकारी बाई येतायत. त्यांना आपली प्रयोगशाळा पटली तर राहील, नाही पटली तर पुढच्या महिन्यात पडदे. त्यांना काहीतरी डोळे दिपवणारं दाखवा. तो तुमचा निळा उजेड दाखवा ना."

निळा उजेड म्हणजे बाईंचा वर्षातून एकदाचा प्रयोग. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात चिमूटभर ल्युमिनॉल नावाची पूड विरघळवायची, हे एक द्रावण. दुसऱ्यात अगदी पातळ हायड्रोजन पेरॉक्साइड आणि मोरचुदाचे दोनचार खडे. खोलीत अंधार करायचा आणि दोन्ही एकत्र ओतायची. काचेच्या नळीतून निळा उजेड वेटोळी घेत खाली उतरतो. ज्योत नाही, दिवा नाही, आणि नळीला हात लावून बघावा तर ती थंडच. वर्षभर शिकवलेली सूत्रं मुलं परीक्षा संपली की विसरतात, पण लग्न होऊन लेकुरवाळे झालेले विद्यार्थी रस्त्यात भेटले की हमखास विचारतात, "बाई, तो उजेड अजून दाखवता का?" मुलांचा एक विनोदही ठरलेला होता, की बाईंच्या खोलीत थंड अशी तेवढीच एक गोष्ट आहे.

इस्त्रींना हा प्रयोग सभागृहात हवा होता. व्यासपीठावर, समोर सगळी शाळा, पुढच्या रांगेतली मुलं टेबलाभोवती वाकलेली, आणि चष्मे नकोत, कारण फोटोत चेहरे दिसत नाहीत.

"अंधारात तसेही दिसणार नाहीत," बाई म्हणाल्या.

"बाई, प्रत्येक गोष्टीत फाटे फोडू नका."

"फाटे नाही फोडत. मुलांचे डोळे फुटायला नकोत म्हणून बोलतेय. प्रयोगशाळेतच होईल. एका वेळी चोवीस मुलं, चोवीस चष्मे. सकाळी एक तुकडी, मधल्या सुट्टीनंतर दुसरी. अंधार झाला की कुणी जागचं हलायचं नाही. हे जमत नसेल तर तुम्ही स्वतः व्यासपीठावर उभं राहून गाणं म्हणा, तेही डोळे दिपवेल."

इस्त्रींनी ओठ मिटले आणि मान डोलावली. भांडण बाईंनी जिंकलं होतं. जिंकल्यावरही त्या घरी पोचेपर्यंत धुमसत होत्या.

घरी यजमान शिवणयंत्रावर बसलेले. ते शिंपी होते आणि बाईंच्या रागाला त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वीच माप घेऊन कपडे शिवले होते. कितीही उसळला तरी त्यांच्याकडे तो बसायचा.

"खिडक्यांना काळे पडदे हवेत. तीन. बुधवारपर्यंत," बाई म्हणाल्या.

"नमस्कार. मी बरा आहे. तू कशी आहेस?"

"अहो, थट्टा नको. प्रयोगशाळा जाईल माझी."

यजमानांनी पाय थांबवला. "जाऊ नाही देत तू. आजवर कुणाला काही नेऊ दिलंयस?" मग त्यांनी दोन पदरी काळं कापड काढलं आणि खिडक्यांची मापं विचारली. बाईंना ती तोंडपाठ होती.

आता बाटल्यांचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खाणार होतं.

बाईंच्या कपाटात सगळी द्रावणं सारख्याच तपकिरी बाटल्यांत असायची. चिकटवलेली नावं ओघळांनी पुसट व्हायची. म्हणून बाईंनी पहिल्याच वर्षी एक खूण ठरवली होती. जे मूळ, तीव्र, पाणी घातल्याशिवाय वापरायचंच नाही, त्या बाटलीच्या गळ्याला सुती दोरी, तिला दोन गाठी. बोट लागलं की गाठ कळायची. अंधार असो, घाई असो, बोटं चुकायची नाहीत. कुठंही लिहिलेलं नव्हतं. बाई तोंडानं सांगायच्या आणि ऐकणाऱ्याला ते जन्मभर लक्षात राहायचं, कारण बाईंचं सांगणं म्हणजे ओरडणंच असायचं. तीन महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या नव्या सरांनाही त्यांनी असंच बजावलं होतं, "दोरी दिसली की थांबायचं. दोरी नाही ती पातळ, ती बेलाशक घ्या."

मंगळवारी बाई दुसऱ्या शाळेत परीक्षेच्या पर्यवेक्षणाला गेल्या होत्या. तेवढ्यात इस्त्रींनी शिपाईकाकांना प्रयोगशाळा चकाचक करायला धाडलं. काकांनी फरशी घासली, टेबलं पुसली आणि कपाट उघडून बाटल्यांच्या गळ्यांतल्या मळक्या, काळवंडलेल्या दोऱ्या बघितल्या. ते विचारायला गेले, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. "काय ही लक्तरं! कापून टाका," इस्त्री म्हणाले. काकांनी कापल्या. कार्यालयातून छापून आलेल्या पांढऱ्या चिठ्ठ्या त्यांनी नीट ओळीत चिकटवल्या. चिठ्ठ्यांवर पदार्थांची नावं होती. किती टक्के, ते नव्हतं, कारण टंकलेखकाला ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

बुधवारी दुपारी रंगीत तालीम होती. बाई स्टुलावर उभ्या राहून तिसरा पडदा अडकवत होत्या, पाठ टेबलाकडे. नवे सर टेबलाशी मापं घेत होते. चष्मा, हातमोजे, सगळं नीट.

"पेरॉक्साइड घेतलं का?" बाईंनी वरूनच विचारलं.

"घेतलं."

"दोरी नाही ना?"

"नाही, बाई."

"मग ओता."

त्यांनी ओतलं. क्षणभर निळा उजेड आला, नेहमीपेक्षा कितीतरी भडक, आणि मग काचेतून फसफस असा आवाज झाला. फेस उसळून वर आला, वाफाळत टेबलावर सांडला, आणि शिंतोडे सरांच्या चष्म्यावर, छातीवर आणि हातमोजा व बाही यांच्यामधल्या उघड्या मनगटावर उडाले. सर ओरडले. बाईंनी स्टुलावरून उडी मारली, पडदा ओढून अख्खा खाली पाडला, उजेड केला आणि सरांना दंडाला धरून नळाखाली नेलं. मनगटावरची कातडी चुन्यासारखी पांढरी पडत चालली होती.

"झोंबतंय," सर म्हणाले.

"झोंबू दे. हात काढायचा नाही. घड्याळ बघून पंधरा मिनिटं."

त्यांच्या चष्म्याच्या काचेवर पाच थेंब होते. बाईंनी ते मोजले. दोन उजव्या डोळ्यासमोर, तीन डाव्या.

पंधरा मिनिटांनी सरांना डॉक्टरकडे पाठवलं. चार दिवसांत बरं होईल, असा निरोप आला. तोवर बाईंनी कपाट उघडलं होतं. पांढऱ्याशुभ्र चिठ्ठ्यांच्या ओळीत पेरॉक्साइडच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, जुळ्या बहिणींसारख्या. एकीतलं दुसरीच्या दहापट तीव्र. दोघींच्या गळ्यात काही नाही.

मग जे झालं ते शाळेच्या तिन्ही मजल्यांवर ऐकू गेलं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्या भर व्हरांड्यात शिपाईकाकांवर बरसल्या. "हात होते की काठ्या? कापताना एकदाही वाटलं नाही की बांधणारीनं काही विचार करून बांधली असेल?" काका खाली मान घालून उभे राहिले. तीन वर्षांत निवृत्त होणारा माणूस, वर्गावर्गातली पोरं दारांतून बघतायत, आणि तो झाडूच्या काडीशी चाळा करतोय. मग बाई इस्त्रींच्या खोलीत शिरल्या आणि दार न लावताच बोलल्या. काय बोलल्या ते इथं छापण्यासारखं नाही. इस्त्रींच्या शर्टाला त्या दिवशी सुरकुती पडली, एवढं मात्र खरं.

नवे सर संध्याकाळी हाताला पट्टी बांधून परत आले. बाईंनी त्यांच्यासमोरही तेच सुरू केलं, दोऱ्या, चिठ्ठ्या, अकलेचे कांदे. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि भीत भीत म्हणाले, "बाई, एक बोलू? तुम्ही सांगितलं होतंत, दोरी नाही ती बेलाशक घ्या. म्हणून मी चिठ्ठीवर नाव तेवढं बघितलं, किती टक्के ते शोधलंसुद्धा नाही. मी तुमचाच नियम पाळला."

बाईंनी कपाट पुन्हा उघडलं आणि त्या दोन बाटल्यांकडे बघितलं.

राग थांबला नाही. तो नुसता वळला आणि घरी आला. दोरी कुजू शकते, तुटू शकते, घसरू शकते. कुणीही शहाणा येऊन ती कापू शकतो. आणि ती गेली की विष अमृताच्या रांगेत जाऊन उभं राहतं. खूण बांधायचीच होती तर पातळ बाटलीला बांधायची. मग दोरी तुटली असती तरी माणूस थांबला असता, घाबरला असता, विचारायला आला असता. इतकी साधी गोष्ट! तेवीस वर्षं जगाला मूर्ख म्हणताना त्यांना स्वतःच्या कपाटातला हा मूर्खपणा दिसला नव्हता. आणि लिहून? लिहूनही ठेवलेलं नव्हतं. बोलून दाखवायचा तोरा होता ना.

"अहो," घरी आल्यावर त्या यजमानांना म्हणाल्या, "माझ्यासारखी गाढव बाई तुम्ही दुसरी बघितलीत का?"

यजमान थट्टा करणार होते. त्यांनी चेहरा बघितला आणि नाही केली.

गुरुवारी सकाळी बाईंनी कपाटातल्या बाटल्यांना हातही लावला नाही. औषधाच्या दुकानातून जखमा धुवायचं, तीन टक्क्यांचं पेरॉक्साइड नवंकोरं आणलं. अधिकारी बाई आल्या. पन्नाशीच्या, थकलेल्या, हातात फायलींची चळत. दारात त्यांनी कुणी न सांगता चष्मा उचलला, तेव्हा बाईंना त्या एकदम आवडल्या आणि आवडल्याचाही राग आला.

एक चष्मा त्यांना गेला म्हणून तेवीस मुलं आत आली. बाईंनी आपल्यासाठी आणि इस्त्रींसाठी वेगळे चष्मे कपाटातून काढले. "पाय जमिनीला चिकटलेत असं समजा. कुणी हात पुढं करायचा नाही. मी 'दिवा' म्हटलं की दाराजवळचा सर्वांत उंच मुलगा दिवा लावेल. तोंडं मात्र उघडी ठेवलीत तरी चालेल."

अंधार झाला. दोन हात, दोन पेले, आणि वळणावळणाची काचेची नळी. निळा उजेड पहिल्या वळणावर आला, दुसऱ्यावर आला, आणि तेवीस तोंडांतून एकच श्वास बाहेर पडला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. खालच्या पेल्यात तो साचत गेला, आणि त्या उजेडात अधिकारी बाईंचा चेहरा दिसला. फायली कुठंतरी ठेवून दिलेल्या, दोन्ही हात गालांवर.

"हे पडद्यावर नाही येणार," दिवा लागल्यावर त्या हळूच म्हणाल्या. इस्त्री असे हसले की जणू ल्युमिनॉल त्यांनीच शोधलं होतं.

मुलं गेली. वापरलेलं द्रावण बाईंनी वेगळ्या डब्यात ओतलं. अधिकारी बाईंनी एक छापील कागद पुढं केला. दहाबारा प्रश्न, पुढं हो किंवा नाही. चष्मे आहेत का, पाणी आहे का, आग विझवायचं साधन आहे का. बाई भराभर हो लिहीत गेल्या. शेवटचा प्रश्न होता, या वर्षात प्रयोगशाळेत काही अपघात किंवा इजा झाली का.

बाईंचं पेन थांबलं.

इस्त्री खुर्ची सरकवून जवळ आले. "नाही लिहा," ते अगदी हळू म्हणाले. "कालचं काय ते, सरांनी पट्टी बाहीखाली घेतलीय. आणि लिहायचंच असेल तर शिपायाच्या चुकीनं म्हणा."

चोर सोडून संन्याशाला फाशी, बाईंच्या मनात आलं, आणि मग आलं की काल भर व्हरांड्यात ती फाशी आपणच दिली होती. त्यांना इस्त्रींचा राग आला. त्या मऊ आवाजाचा राग आला. दोनच अक्षरं लिहायची आणि खोली वाचते, या इतक्या स्वस्त सौद्याचा राग आला. नळीत हिरवं दिसत असताना पुस्तकात बघून निळं लिहिणाऱ्या किती पोरांची पानं त्यांनी फाडली होती! दिसलं ते लिही, नाहीतर लिहू नको. आणि आता आपण काय लिहिणार? निळं?

त्यांनी 'हो' लिहिलं. कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सगळं लिहिलं. दोरीची खूण, ती कुठंच लिहून ठेवली नव्हती हे, ती काढली गेल्यावर तीव्र बाटली सुरक्षित समजली गेली हे, सरांचं मनगट, चष्म्यावरचे पाच थेंब. शेवटी लिहिलं, 'ही खूण मुळातच उलटी होती. चूक माझी.' आणि सही ठोकली. पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं.

अधिकारी बाईंनी दोनदा वाचलं.

"तुम्ही हे लिहिलं नसतंत तर मला कळलं नसतं."

"माहितेय."

"आता कळलंय. आता मी उघडी कशी ठेवू? चौकशी होईल, तोवर कुलूप. नंतर काय होईल ते माझ्या हातात नाही, बाई. पडदे आणायची घाई झालेली माणसं वर बसलीत, त्यांना हा कागद आयता मिळाला."

"लावा कुलूप," बाई म्हणाल्या. आवाज चढला होता, पण कुणावर चढावं हे त्याला कळत नव्हतं.

शिपाईकाकांनीच कुलूप आणलं. किल्ली फिरवताना ते बाईंकडे बघत नव्हते. "काका," बाई म्हणाल्या, "काल मी तुम्हाला बोलले ते चुकीचं होतं. तिथंच, सगळ्यांसमोर मी हे सांगणार आहे." काका म्हणाले, "राहू द्या हो, बाई." बाई म्हणाल्या, "राहू द्यायचं नाही."

एवढ्यात मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि जिन्यावरून पावलं वाजली. दुपारची तुकडी. चोवीस जणं, दोन रांगांत, कुणी न सांगता गप्प. आठवडाभर याच दिवसाची वाट बघत होती ती. दाराशी येऊन थांबली आणि पुढच्यांनी कुलूप बघितलं.

"बाई, आमचं?" कुणीतरी विचारलं.

बाईंनी सांगितलं. आडपडदा न ठेवता, सगळं, बाटलीपासून कागदापर्यंत. रांग मोडली. मागून कुजबुज आली. मग पुढची एक मुलगी, जी एरवी वर्गात तोंड उघडत नसे, लालबुंद होऊन म्हणाली, "मग लिहिलंत कशाला? सकाळच्या सगळ्यांनी बघितलं. आम्हाला आता कधीच बघायला मिळणार नाही. तुमची चूक, आणि शिक्षा आम्हाला?"

"ए, बाईंशी असं बोलतात का?" शेजारचा मुलगा घाबरून तिला म्हणाला.

"बोलू दे तिला," बाई म्हणाल्या. "बरोबर बोलतेय ती."

मुलगी बोलत राहिली. आवाज फाटेपर्यंत बोलली, मग रडली, आणि रडतानाही बोलतच होती. चष्मेबाई कुलपाला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि त्यांनी तिला एकदाही अडवलं नाही.